मिठागराचा पाय

आबा घरात यायच्या आधी त्यांचे पाय यायचे. चप्पल त्यांनी तोवर आयुष्यात घातली नव्हती, तरी पडवीच्या शहाबादीवर त्यांच्या तळव्यांचा आवाज लाकडी पाट आपटल्यासारखा व्हायचा. त्या आवाजावरून आईला कळायचं की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा की ताट. मला कळायचं की जेवायला भिंतीला टेकून बसायचं की दाराजवळ. पावलं सावकाश पडली तर भिंतीला. मग तव्यावर तांदळाची भाकरी टम्म फुगायची, खाडीतल्या निवट्यांच्या कालवणाचा आंबटसर वास घरभर असायचा, आई भाकरी तव्यावरून उचलून थेट माझ्या ताटात टाकायची आणि तेवढा वेळ आमचं घर इतर कुठल्याही घरासारखं असायचं. पावलं भरभर पडली तर मी दाराजवळ बसायचो. आजही कुणाच्या घरी जेवायला गेलो की माझी बायको मला हळूच म्हणते, "अहो, आत सरका ना, उंबऱ्यावर काय बसलाय?"

पनवेलहून उरणकडे जाताना खाडीच्या अंगाला आमचं गाव. गावातले बहुतेक सगळे मिठागरात राबलेले. खारं पाणी, ऊन आणि पायाखाली मिठाचे टोकदार खडे, यात जन्म गेला की तळवे असे होतात की बाभळीचा काटा त्यांत शिरत नाही, मोडतो. गावात मानायचे की अशा माणसाला अग्नी दिला तर सगळं जळतं, तळवे तेवढे जळत नाहीत. राख सावडताना ते बाजूला काढून मिठात पुरावे लागतात. मी कधी पाहिलं नव्हतं, पण हे ऐकतच मोठा झालो. आबांचे पाय त्यातही नावाजलेले. लग्नाच्या मांडवात कुणी डिवचलं की ते चुलाण्यातला निखारा ओढून उघड्या टाचेखाली विझवून दाखवत. "मिठागराचा पाय हाय यो!" म्हणत. लोक टाळ्या पिटत. मीही पिटायचो. सगळ्यांत जोरात मीच पिटायचो.

आणि ते पायाने मारत. हाताने कधीच नाही. "हातानं मीठ वढलाय. तो हात मी कुनावर उचलनार नाय," असं ते शपथेवर सांगत आणि ती शपथ त्यांनी मरेपर्यंत पाळली. आईच्या बरगड्यांवर, कमरेत, मांडीवर ज्या काळ्यानिळ्या खुणा असत त्या सगळ्या पायाच्या. एकदा भाकरी करपली म्हणून ती चुलीपुढे बसलेली असताना त्यांनी तिच्या पाठीत लाथ घातली आणि तोल जाऊन तिचे दोन्ही तळहात तापल्या तव्यावर टेकले. तो आवाज मी इथे लिहीत नाही. पुढे बरेच दिवस भाकऱ्या मी थापल्या, वेड्यावाकड्या, आणि आबांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या. शेजारच्या बायकांना आई म्हणाली, "तवा सटकला." गावात आबांचं नाव चांगलं होतं. बायकोवर हात उचलत नाही असा माणूस, असं लोक सांगत, आणि ते अक्षरशः खरं होतं.

मग जमिनी गेल्या, मिठागरांवर भराव पडला आणि आबांच्या पायांना तुडवायला काही उरलं नाही. ते दिवसभर पडवीत खुर्ची टाकून बसत आणि चहा पीत. चहाच्या कपाच्या बुडाशी न विरघळलेली साखर दिसली पाहिजे, नाहीतर तो चहा नव्हे. त्यांना तहान लागू लागली, माठ दुपारपर्यंत रिकामा होऊ लागला. परसात ते जिथे लघवीला उभे राहत तिथे मुंग्यांची रांग लागायची. आईने ती पाहिली आणि तिथे हळद टाकली, मुंग्यांसाठी. मग त्यांच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगू लागले आणि ते माश्या समजून हवेत हात मारू लागले. तेव्हा कुठे मी त्यांना पनवेलला घेऊन गेलो. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो.

डॉक्टरीणबाई उतारवयाच्या होत्या, तोंडाच्या फटकळ. साखर तपासून झाल्यावर त्यांनी आबांना टेबलावर निजवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, "काका, मी पायाला दोरा लावणार. लागला की हो म्हणा." मग एक जाडसर नायलॉनचा दोरा त्यांनी तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला, अंगठ्याखाली, बोटांच्या मुळाशी, टाचेवर. आबा गप्प. बाई दुसऱ्या पायाकडे गेल्या. शेवटी आबांनीच एक डोळा उघडला.

"कवा लावनार, बाय?"

"झालं लावून."

आबा मोठ्याने हसले. "मिठागराचा पाय हाय, डॉक्टरबाय. त्याला दोऱ्याचा काय कलनार? निखारा लावा, मंग सांगतो."

"निखाराही नाही कळायचा," बाई म्हणाल्या. "मिठाने वरची कातडी जाड होते, काका. हे आतून मेलंय. साखरेने नसा मेल्यात. मिठाचं कौतुक मला सांगू नका." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू शिकतोयस ना? मग ऐक. रोज संध्याकाळी यांचे तळवे बघायचे. बोटांच्या बेचक्यांत बघायचं. यांना चप्पल घालायला लावायची आणि घालण्याआधी आत खडाबिडा नाही ना ते हाताने चाचपायचं. गरम पाण्यात पाय घालू द्यायचे नाहीत. यांचे डोळेही थोडे गेलेत, तेव्हा तूच बघ. आणि दुखलं की हे सांगतील अशी वाट बघू नकोस. दुखणारच नाही. हाच तर आजार आहे."

परतताना स्टँडवर आबांनी जिलबी घेतली. "बाईमानूस, उगा घाबरवतं," म्हणाले.

तरीही मी दाढीचा आरसा आणला. आणि मी सांगितलं पाहिजे की त्या सुरुवातीच्या संध्याकाळी त्या घरातल्या माझ्या सगळ्यांत शांत संध्याकाळी होत्या. आबा खुर्चीवर, मी खाली, त्यांचा पाय माझ्या मांडीवर. किती जड होता तो. आयुष्यात पहिल्यांदा तो पाय माझ्या अंगाला टेकला होता आणि मला लागत नव्हतं. मी दिव्याखाली आरसा फिरवायचो, भेगांना खोबरेल लावायचो, बेचक्या फडक्याने कोरड्या करायचो.

"काय दिसतो रं आरशान? पनवेलचा रस्ता?"

"नुसत्या भेगा हायत, आबा."

"मंग पनवेलचाच रस्ता."

आई आतून हसायची. तिचं हसणं मी तेव्हा नवीनच ऐकत होतो.

मला वाटू लागलं की आजाराने त्यांना नमवलं. मी डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द घरात चालवू लागलो. भात कमी, गोळी जेवणाआधी, चहा बिनसाखरेचा. आईला मीच म्हणालो, "उद्यापासून साखर घालू नकोस, त्यांना सांगूही नकोस." आज मी हेच औषध स्वतः घेतो, तेव्हा मला कळतं की माणसाच्या ताटातलं काही काढायचं तर त्याला विचारून काढावं. पण तेव्हा मी नुकताच मोठा झालो होतो आणि मला घरात पहिल्यांदाच काहीतरी चालवायला मिळालं होतं.

त्या पहिल्याच बिनसाखरेच्या चहाचा आबांनी घोट घेतला आणि कप उलटा करून बुडाशी पाहिलं. चहा फरशीवर सांडला. मग कप भिंतीवर. मग ते उठले. आई स्वयंपाकघराच्या दारात होती, तिला पहिली लाथ पोटात बसली आणि ती वाकली. दुसरी खांद्यावर. "मना साखर नाय? माज्या घरान मना साखर नाय?" मी मध्ये गेलो. "मी सांगितला तिला, तिला मारू नका." त्यांनी मला बघितलं, आणि मग आईला सोडून मला धरलं. म्हणजे पायाने धरलं. मी लोखंडी कॉटपाशी पडलो होतो आणि ते मारत होते, छातीत, मांडीवर, तोंडावर. एक लाथ माझ्या कानावरून गेली आणि कॉटच्या पायावर आदळली. लोखंड घणघणलं. ते थांबले नाहीत. त्यानंतर अजून बऱ्याच बसल्या. ओल्या लाकडासारखा आवाज येत होता आणि माझ्या गालाला काहीतरी कोमट चिकटत होतं.

थकले तेव्हा ते शिव्या देत अंगणात निघून गेले. आई सरपटत माझ्यापाशी आली. फरशीवर रक्त होतं, माझ्या शर्टावर, गालावर. "कुठं फुटला रं? कुठं लागला?" ती माझं डोकं चाचपत होती. मीही चाचपलं. ओठ आतून फाटला होता, पण एवढं रक्त ओठाचं नव्हतं. मग मला ते दिसलं. कॉटपासून निघून पडवी ओलांडून अंगणाकडे जाणारे उजव्या पावलाचे लाल ठसे. टाच स्वच्छ, पुढचा भाग भरलेला. आणि अंगणात आबा येरझाऱ्या घालत होते, तावातावाने, अंगठा फाटून बाजूला झालेला, आणि त्यांना त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

"ओठ फुटलाय, आई," मी म्हणालो.

तिने फडकं घेतलं आणि फरशी पुसायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी आरसा काढला नाही. आबांनी त्या सकाळपासून, का कोण जाणे, चप्पल घालायला सुरुवात केली. कदाचित तो त्यांचा माफी मागायचा प्रकार असेल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली, मी आणून ठेवलेली पुढून बंद असलेली सँडल, त्यात मोजे, अधू नजरेने चाचपडत चढवलेले. त्यामुळे काही दिसत नव्हतं. एका संध्याकाळी मी पडवीतून जात असताना त्यांनी सँडलसकट उजवा पाय पुढे केला आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "बघ रं."

मी उभाच राहिलो.

"बघितला सकाली. तुमी झोपला होतात तवा."

"कसा हाय?"

"ठीक हाय."

त्यांनी पाय मागे घेतला. तो पाय मागे घेताना मी पाहिलेला आहे, आणि या लिखाणात मला खरं तर एवढंच लिहायचं होतं. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. त्यांनी विश्वास ठेवला. मला त्यांनी मरावं असं वाटत नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. मला वाटत होतं की त्या पायाचं काहीतरी व्हावं.

घरात वास येऊ लागला. आई म्हणाली, सुकटीला ओल लागली. आमच्याकडे सुक्या मासळीचा डबा वर्षभर भरलेला असतो. तिने तो डबा अंगणात उपडा केला, जवळा, सुकट, बोंबील, सगळं चटईवर पसरून उन्हात घातलं, डबा राखेने घासला. वास राहिलाच. मग तिने बोंबील टाकूनच दिले. "या येलंला मालच खराब," ती म्हणाली. मासळीवर पोसलेल्या घरात सडक्या वासाला दुसरं नाव सुचत नाही. मला सुचत होतं. मी तिच्याबरोबर डबा घासत होतो.

पनवेलजवळच्या नेऱ्याला माझ्या मावसबहिणीची हळद होती. बँड आला, बायकांची गाणी झाली, आणि कुणीतरी आबांना मांडवात ओढलं. सँडल काढायला लावली नाही, एवढंच माझं नशीब, किंवा त्यांचं दुर्दैव. ते नाचले. माझे आबा फार सुंदर नाचत, हे मी सांगायचं विसरलोच होतो. खांदे स्थिर ठेवून, पायांनी जमीन ठोकत. त्या रात्री त्यांनी जमीन जितकी ठोकली तितका मी मांडवाच्या खांबाला धरून राहिलो. माझे नानाकाका, आबांचे धाकटे भाऊ, माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "बग तुजा बापूस! साखरेचा पेशंट म्हनं!"

सकाळी आबा तापाने फणफणलेले होते, काहीबाही बरळत होते. नानाकाकांच्या टेम्पोत घालून आम्ही त्यांना पनवेलला नेलं. नर्सने मोजा सोडवायला घेतला, तो निघेना, मग कात्रीने कापला. नानाकाका बाहेर जाऊन ओकले. अंगठा काळा होता आणि त्याच्या शेजारची बोटंही, आणि घोट्याच्या वरपर्यंत कातडी ताणून चकाकत होती. जखमेत काहीतरी हलत होतं. आबा डोळे उघडून छताकडे बघत होते. त्यांना काही लागत नव्हतं. नर्स चिमटा चालवत होती आणि ते तिला विचारत होते, "चाय मिलंल का बाय?"

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पाय पाहिला आणि मग मला.

"तू रोज बघत होतास ना?"

"हो."

"वेळेवर आणलं असतंस तर अंगठ्यावर भागलं असतं." त्या अगदी हळू बोलत होत्या. "आता गुडघ्याखाली कापावा लागेल. आजच. नाहीतर माणूसच जाईल."

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या त्या बघण्याचा अर्थ मला पुढे फार वर्षांनी सुचला, ती गेल्यानंतर. मारहाणीच्या दिवशी तिने फडक्याने रक्ताचे ठसे पुसले होते ते कॉटपासून थेट अंगणापर्यंत. म्हणजे ते कुठे जातात हे तिला दिसलं असणारच. तिनेही काही म्हटलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून तो सुकटीचा डबा घासला होता.

कापलेला पाय हॉस्पिटलवाल्यांनी आमच्याच हवाली केला, कापडात गुंडाळून, वर प्लास्टिक. मी तो मांडीवर घेऊन टेम्पोत बसलो. ते वजन माझ्या ओळखीचं होतं. नानाकाका म्हणाले पुरूया, पण मी जाळायचा हट्ट धरला. खाडीकाठच्या स्मशानात थोडी लाकडं रचली. वर ठेवण्याआधी मी कापड सोडलं आणि आरसा नसताना, दिवसाच्या उजेडात, तो तळवा पूर्ण पाहिला. टाचेवर मिठागराच्या भेगा होत्या, त्यांत अजून माझं खोबरेल असेल. मग आम्ही अग्नी दिला. मिठागराचा पाय जळत नाही म्हणतात. जळला. बाकी सगळं जळतं तसाच जळला. नानाकाका बराच वेळ काटकीने राख उकरत राहिले, मग काटकी फेकून देऊन म्हणाले, "गावान सांगू नको."

आबा घरी आले ते कॉटवर. डावा पाय आता सगळ्यांत महत्त्वाचा होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हा गेला तर काहीच राहणार नाही. मी पुन्हा आरसा काढला. न चुकता बसायचो. आबा फारसं बोलत नसत. कधी दात खात, घामाघूम होत आणि म्हणत, "अंगठा दुकतो रं." उजवा, नसलेला. ज्या अंगठ्याचं फाटणं त्यांना कळलं नव्हतं तो आता ठणकत होता. मी त्या रिकाम्या जागी चादरीवर हात ठेवायचो. ते म्हणायचे, "थोरा खाली." मी थोडा खाली ठेवायचो.

आता माझी मुलगी माझे पाय बघते. माझ्याही अंगठ्याखाली दोरा लागत नाही. "बाबा, पाय," ती म्हणते आणि मी पुढे करतो. मी तिच्यावर कधी हात किंवा पाय उचललेला नाही. तरी ती खाली वाकली की मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवतो. "गुदगुल्या होतात का?" ती विचारते. मी हो म्हणतो.

आबा पाय कापून घरी आल्यानंतरची एक संध्याकाळ. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी डावी टाच आरशात बघत होतो. आबा म्हणाले, "तवा तू बघितला नवतास."

खोटं बोलणं सोपं होतं. नव्हता बघितला, चुकलं, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं.

"बघितला होता, आबा," मी म्हणालो. "तुमी मना मारला त्याच दिवशी. रगत माजा नवता, तुमचा होता. मना म्हाईत होता."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

आबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यांचे हात चादरीवर तसेच पडून होते, पण उजवी मांडी कमरेतून उसळली आणि पट्ट्यांत गुंडाळलेलं ते थोटूक सरळ माझ्या छातीच्या रोखाने आलं आणि हातभर अलीकडे थांबलं. मी तोवर भिंतीवर जाऊन आदळलो होतो, कोपर डोक्यावर, गुडघे पोटाशी. आरसा कॉटखाली गेला. आबा त्या थोटकाकडे बघत होते, मग माझ्याकडे, भिंतीशी मुटकुळं केलेल्या माझ्याकडे, बराच वेळ.

"लागली?" त्यांनी विचारलं.

"लागली, आबा."

आत भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली. आबांनी डावा पाय कॉटच्या कडेवर आणला आणि पुढे केला.

"बघ मंग. नीट बघ."

मी कॉटखालून आरसा काढला, शर्टाला पुसला, आणि बेचक्यांपासून सुरुवात केली.